शर्यतीच्या होडीचे कागद साताऱ्यात बसून कसे करायचे

साताऱ्याच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावर आम्ही पहिल्यांदा होडी ठेवली, तेव्हा तोलारानं मान वर करून विचारलं, "सुभेदार, पट्टी कुणाच्या नावानं करू?" हमाल हसले. मला मात्र तो प्रश्न टोचला. होडी नातीची, पैसे माझे आणि कागद अजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर होते. काट्यानं दाखवलं ३७ किलो २००. आदल्याच दिवशी होडी कण्हेर धरणाच्या पाण्यातून काढली होती. आठवडाभर पडवीत पालथी ठेवून पुन्हा नेली, तर ३५ किलो ९००.

होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. एकट्या मुलानं चालवायची, एका शिडाची, पुढून चपटी. क्लासच्या, म्हणजे एकाच साच्याच्या होड्यांच्या जातीच्या, नियमाप्रमाणे तिच्या हलचं, म्हणजे नुसत्या अंगाचं, वजन ३५ किलोपेक्षा कमी चालत नाही. आमची वाचली. पण हे मला पोत्यांच्या काट्यावर कळलं, शर्यतीच्या टेबलावर नाही. माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच आहे. होडी मोजून ती नियमात बसते का ते सांगणारा अधिकृत माणूस म्हणजे मेजरर, आणि तो साताऱ्यात राहत नाही. त्याच्याकडे जायचं तर होडी टपावर बांधून खंबाटकी उतरायची आणि मुंबईपर्यंत अडीचशे किलोमीटर जायचं, किंवा तो आपल्या बाजूला कधी येतो त्याची वाट बघायची. तेव्हा जे घरी तपासता येतं ते सगळं घरी तपासून एकाच खेपेत काम उरकायचं. फौजेत असताना पुण्याच्या पोस्टिंगमध्ये मी खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला शिकलो. तिथं कागद युनिट बघायचं. इथं आपणच क्लार्क.

नोंदणी कोणती?

'होडीची नोंदणी झाली का' असं कुणी विचारलं तर आधी विचारा, कोणती? एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं काम सरकारी. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रामुख्यानं यंत्रावर चालणाऱ्या नावांना लागतो. मुलांच्या मागे फिरणारी कोचची मोटारबोट असेल तर तिची नोंदणी आणि तपासणी हवीच. शिवाय धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. कण्हेरला किंवा कोयना धरणाच्या शिवसागरात होडी घालण्याआधी त्यांना विचारायचं. शिवसागराच्या काठाला लागूनच कोयना अभयारण्य आहे, म्हणून बामणोली-तापोळ्याकडे वनखात्यालाही विचारा. एका वडिलांनी शर्यतीच्या टेबलावर मोठ्या अभिमानानं धरणाचं परवानगीपत्र काढून दाखवलं होतं. तिथल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, परत दिलं आणि होडीचं पुस्तक, म्हणजे तिची मापं आणि मालक लिहिलेलं रजिस्ट्रेशन बुक, मागितलं.

दुसरं काम क्लासचं. ही होडी अमुक क्लासची आहे, नियमात बसते आणि अमक्याच्या मालकीची आहे, एवढं सांगणारा कागद. हा लेख मुख्यतः त्याचा.

तिसरं काम माणसाचं. होडी शर्यतीत घालणारा हा राष्ट्रीय संघटनेशी संलग्न क्लबचा किंवा संस्थेचा सभासद, तो क्लब किंवा संस्था स्वतः, नाहीतर राष्ट्रीय संघटनेचाच सभासद लागतो, हे आंतरराष्ट्रीय शर्यत नियमांतच लिहिलंय. आपल्याकडे राष्ट्रीय संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, सगळे वायएआय म्हणतात. साताऱ्यातल्या पोरानं आधी एखाद्या संलग्न क्लबचं सभासदत्व घ्यायचं, मग पुढचं. याला वेळ लागतो, म्हणून होडी शोधायला लागाल त्याच आठवड्यात हा फॉर्म भरून टाका.

आधी क्लास ठरवा

कागद किती लागणार ते क्लासवर ठरतं. सगळ्यात सोपी आयएलसीए, म्हणजे जुन्या लोकांची लेझर. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी १९७१पासून बाजारात आहे. ठरलेल्या कारखान्यांतच बनते, म्हणून प्रत्येक होडीचं वेगळं मेजरमेंट सर्टिफिकेट लागत नाही. होडी अधिकृत कारखान्याची, तिच्यावर वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची नंबराची पट्टी, शीड आणि डोलकाठी मान्यताप्राप्त, आणि शिडावरचा नंबर होडीच्या अंगावर कोरलेल्या नंबराशी जुळणारा, एवढं असलं की झालं. चालवणारा क्लास असोसिएशनचा चालू सभासद हवा. हल एकच, पण शिडं तीन आकारांची: आयएलसीए ४, ६ आणि ७. सहा आकडी नंबरात शेवटचे चार आकडे एका रंगात आणि आधीचे वेगळ्या रंगात लावायचे असतात. बाहेरून सेकंड-हँड शीड मागवणारे हे हमखास विसरतात.

समुद्र नाही म्हणून हे आपल्याला नाही, असं म्हणणाऱ्यांना मी नेहा ठाकूरचं नाव सांगतो. मध्य प्रदेशातल्या देवासची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक घेऊन आली. देवासपेक्षा सातारा समुद्राला कितीतरी जवळ.

फोर-ट्वेंटी आणि एंटरप्राइझ या दोन जणांच्या होड्यांना रीतसर सर्टिफिकेट लागतं. मेजरर फॉर्म भरतो, अधिकृत संस्था सर्टिफिकेट देते. जॅक होल्ट यांची, निळ्या शिडाची एंटरप्राइझ आपल्या देशात एके काळी घरोघरच्या सायकलीसारखी होती, म्हणून जुन्या लाकडी एंटरप्राइझ अजून स्वस्तात मिळतात. पण लाकडी होडी, जुने कागद आणि साताऱ्याचा पावसाळा हे त्रिकूट नवख्या माणसानं अंगावर घेऊ नये, असं माझं मत.

मुलगा या वर्षी पंधराचा होत असेल किंवा त्याहून लहान असेल, तर ऑप्टिमिस्ट. ज्या वर्षी तो सोळाचा होतो, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ही होडी त्याला बंद. वाढदिवस डिसेंबरात असला तरी. चौदा वर्षांच्या मुलासाठी नवी ऑप्टिमिस्ट घेणाऱ्या पालकांनी हा हिशेब आधी मांडावा.

ऑप्टिमिस्टला पुस्तक का असतं, हेही सांगतो. १९४७मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं ती आखली, तीच मुळी प्लायवूडच्या शीटमधून कुणालाही घरी बनवता यावी म्हणून. आठ फुटांचं शीट, तेवढीच होडी. घरोघरी बनल्या म्हणजे घरोघरच्या भाकरीसारख्या, एकीसारखी दुसरी नाही. म्हणून प्रत्येक होडी मोजायची आणि मापं पुस्तकात लिहायची अशी रीत पडली. आता साच्यातून फायबरच्या निघतात, तरी प्रत्येक होडीला रजिस्ट्रेशन बुक असतं. ते हरवणं म्हणजे सातबारा हरवण्यासारखं.

जुनी होडी घेताना

नवी होडी घेतली तर कारखानदार पट्टी बसवूनच देतो, पुस्तक सोबत येतं आणि आपण फक्त नाव चढवून सेल नंबर, म्हणजे शिडावर लावायचा नंबर, घ्यायचा. खरी परीक्षा जुनीत. मी नापास झालो होतो, म्हणून तपशिलात सांगतो.

विकणारा गोड होता. होडी स्वच्छ, शीड बरं. पुस्तक 'घरी आहे, कुरियर करतो' म्हणाला. पैसे देऊन होडी घेऊन आलो. पुस्तक आलं दोन महिन्यांनी, आणि त्यात नाव त्याचं नव्हतंच, त्याच्याही आधीच्या मालकाचं. शिडावरचा नंबर तिसऱ्याच होडीचा. नातीचं नाव नोंदवायला टेबलासमोर उभा राहिलो तेव्हा हे उघडं पडलं. तिथल्या लोकांनी समजून घेतलं, वाट दाखवली. पण पोरीचा सकाळचा सराव त्यात गेला, आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चार ठिकाणचे नंबर समोरासमोर ठेवायचे. एक, हलवर चिकटवलेल्या वर्ल्ड सेलिंगच्या पट्टीवरचा. ही संस्था २०१५पर्यंत आयएसएएफ आणि १९९६पर्यंत आयवायआरयू होती, त्यामुळे जुन्या होडीवर जुनं नाव दिसलं तर घाबरू नका. दोन, कारखान्याचा हलवरचा नंबर. तीन, पुस्तकातले नंबर. चार, शिडावरचा. पहिले दोन पुस्तकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. शिडाचा नंबर पुस्तकात नोंदलेल्या सेल नंबराशी जुळला पाहिजे. सगळ्यांचे फोटो काढा. नुसतं वाचून 'बरोबर आहे' म्हणू नका. ३ आणि ८ यांची अदलाबदल उन्हात सहज होते.

मग पुस्तकातलं शेवटचं मालकाचं नाव आणि समोरचा विकणारा एकच माणूस आहे का ते पाहा. नसेल तर मधल्या प्रत्येकाची सही मिळवायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती होईपर्यंत निम्मे पैसे आपल्या खिशात. साध्या कागदावर विक्रीपत्र करा. तारीख, दोघांची नावं, चारही नंबर आणि सोबत काय काय दिलं त्याची यादी: डोलकाठी, बूम (शिडाची खालची आडवी काठी), स्प्रिट (शिडाचं वरचं टोक ताणणारी तिरकी काठी), सुकाणू, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी), शीड. बऱ्याच क्लासमध्ये मालक बदलला की जुनं सर्टिफिकेट बाद होतं, तेव्हा होडी घरी आल्या आल्या नाव बदलायचा अर्ज करा. अर्ज जातो राष्ट्रीय संघटनेकडे किंवा तिनं अधिकार दिलेल्या क्लास असोसिएशनकडे. सोबत पुस्तक, विक्रीपत्राची प्रत, क्लबचं नाव आणि फी. मूळ पुस्तक पाठवावं लागलं तर प्रत्येक पानाची झेरॉक्स आधी काढून ठेवा.

पट्टी नाही, पुस्तकही नाही, अशी होडी मिळाली तर? सरावाला घ्या, खुशाल घ्या, पण सरावाच्या किमतीत. 'कागद नंतर करून घेऊ' या वाक्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

सेल नंबर

नंबर हातात आला की शिडावर लावायचा. भारताची अक्षरं आय, एन, डी, रोमन लिपीत मोठी, आणि त्यांच्या खाली नंबर. शीड दोन्ही बाजूंनी वाचलं जातं, म्हणून दोन्ही बाजूंना लावायचं, पण एकाच उंचीवर नाही. उजव्या बाजूचं वर, डाव्याचं त्याखाली, म्हणजे उन्हात आरपार दिसून घोटाळा होत नाही. साडेतीन मीटरपेक्षा लहान होडीला अक्षराची किमान उंची २३० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतलं अंतर किमान ४५. साडेतीन ते साडेआठ मीटरच्या होडीला हेच ३०० आणि ६०. एका आजोबांनी विचारलं होतं, नंबर आपल्या मराठी आकड्यात चालेल का? नाही चालत. पाण्यावर तीनशे मीटरवरून पंचाला एका नजरेत वाचता आला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार.

जुने आकडे काढायला हेअर ड्रायर. थिनर किंवा पेट्रोल लावाल तर आकड्यांबरोबर शीडही जाईल. नवे लावताना शीड फरशीवर सपाट पसरायचं, पेन्सिलीनं आडवी रेघ मारायची आणि पत्र्याच्या पट्टीनं हवा काढत चिकटवायचं. दोन माणसं लागतात. घाईत मी ९ उलटा लावला होता.

ऑप्टिमिस्टच्या शिडावर क्लास असोसिएशनचं लेबल आणि मेजररची किंवा कारखान्याच्या अधिकृत मोजणाऱ्याची सही असते. विकत घेताना कोपऱ्यांत ती शोधा. सही नसलेलं शीड कितीही कोरं असलं तरी ते अजून मोजायचं बाकी आहे.

घरची मोजणी

आधी नियम उतरवून घ्या. क्लासचे नियम आंतरराष्ट्रीय क्लास असोसिएशनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि बदलतात. शर्यतीचे नियम आणि उपकरणांचे नियम वर्ल्ड सेलिंग दर चार वर्षांनी काढतं, सध्या २०२५ ते २०२८चे चालू आहेत. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली पीडीएफ वापरू नका.

वजनापासून सुरुवात करा. मार्केट यार्डातल्या काट्याला वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा. होडी आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशी पालथी वाळवा. डोलकाठी, बूम, सुकाणू, डॅगरबोर्ड, हवेच्या पिशव्या सगळं काढून मग तोला. हल ३५च्या आत भरला तर भरीची वजनं बसवावी लागतात, पण ती स्वतः ठोकायची नाहीत. जागा नियमात ठरलेली असते, नोंद पुस्तकात होते, आणि आधीची असतील तर मेजररशिवाय काढायची नाहीत. ३५च्या बरंच वर भरला तर आत पाणी मुरलंय. ते नियमाविरुद्ध नाही, पण पोरगं हरणार.

डागडुजी झाली असेल तर नीट बघा. आपल्याकडे फायबरचं काम म्हणजे टेम्पो-बसच्या बॉडीला फायबर मारणारा कारागीर. हात चांगला असतो, पण त्याला वाटतं जितके थर तितकी मजबुती. होडीच्या बाहेरच्या अंगाचा आकार बदलला की ती नियमातून गेली. त्याला सांगा, थर आतून, बाहेरून फक्त भेग भरून गुळगुळीत. काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. मेजररला ते दाखवलेले आवडतात. लपवलेलं त्याला हातानं कळतं.

मग लहानसहान गोष्टी, ज्यांवर खरं तर सगळ्यात जास्त होड्या अडकतात. हवेच्या तिन्ही पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ लागली ती बदला. पुढची दोरी तरंगणारी हवी, एकसंध, किमान ८ मीटर लांब आणि किमान ५ मिलिमीटर जाड. गावात मिळणारा सुती दोर बुडतो, तो चालत नाही. पाणी उपसायचं भांडं निदान एक लिटरचं आणि दोरीनं बांधलेलं. रॉकेलचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापला की झालं, त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. वल्हं बांधलेलं हवं. होडी उलटली तरी डोलकाठी निसटणार नाही अशी पक्की बांधणी किंवा क्लॅम्प हवा. जॅकेटला शिट्टी.

शीड डोलकाठीला आणि बूमला ज्या बारीक दोऱ्यांनी बांधतात, तिथं फट दहा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आम्ही दहाच्या मापाची लाकडी काडी करून ठेवलीय, ती फटीत सैल गेली की दोरी आवळायची. शिडाच्या पुढच्या कडेवरची खूण डोलकाठीवरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये आली पाहिजे. दोऱ्या भिजल्या की ताणतात, म्हणून हे सुक्यात एकदा आणि कण्हेरला तासभर चालवून आल्यावर पुन्हा मोजा. हे पोरांनाच करायला लावा. शर्यतीत पाण्यावर आजोबा नसतात.

मेजररचा दिवस

अधिकृत मेजरर कोण ते राष्ट्रीय संघटना ठरवते, आणि स्वतःचा संबंध असलेली होडी त्याला मोजता येत नाही. त्याला वेळ आधी मागा, होडी धुऊन, वाळवून, सगळं सुटं करून न्या. टपावर बांधताना पट्टे हलके आवळा. रात्रभर करकचून बांधलेला हल उन्हात वाकडा होतो. पुस्तक, विक्रीपत्र, क्लबचं कार्ड आणि फोटो एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तो मोजत असताना हुज्जत घालू नका आणि मदतीला म्हणून टेप धरू नका. काही कमी निघालं तर काय, कुठं, किती, हे लिहून मागा. तोंडी ऐकून साताऱ्याला परत आलात की अर्धं विसरलेलं असतं.

शर्यतीच्या टेबलावर

स्पर्धेची नोटीस आली की त्यात 'सर्टिफिकेट' आणि 'इक्विपमेंट इन्स्पेक्शन' हे दोन शब्द शोधा. मूळ पुस्तक लागेल की प्रत चालेल, तपासणी कोणत्या वेळी, ते तिथं असतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. बहुतेक ठिकाणी एक हल, एक शीड, एक डोलकाठी तपासून त्यांवर शिक्का किंवा स्टिकर लावतात. नंतर काही बदलायचं तर विचारूनच.

आणि पुस्तक घरीच राहिलं तर? शर्यत नियम ७८ इथं उपयोगी पडतो. वैध सर्टिफिकेट अस्तित्वात आहे असं लिहून सही करून दिलं तर होडी उतरू देतात. पण स्पर्धेच्या किंवा पहिल्या मालिकेच्या शेवटच्या दिवसाच्या सुरुवातीआधी, यातला जो दिवस आधी येईल तोवर, ते दाखवावं किंवा पडताळून द्यावं लागतं. नाही दिलं तर सुनावणीशिवाय सगळ्या शर्यतींतून बाद. म्हणजे ही सोय पुस्तक विसरलेल्याची, नसलेल्याची नव्हे. पोवई नाक्यावरून कुणाला तरी रात्रीच्या बसनं पुस्तक घेऊन बोलावता येतं, तेवढ्यासाठी.

त्याच नियमानं, सर्टिफिकेट मिळाल्यावरही होडी नियमात ठेवायची जबाबदारी मालकाची आणि होडीच्या प्रभारी व्यक्तीची राहते. म्हणून दर जानेवारीला मी नवे नियम छापून घेतो आणि पावसाळा संपला की होडी पुन्हा यार्डात जाते. तोलार आता विचारत नाही, थेट आकडा लिहून देतो.

नात येत्या वर्षी सोळाची होईल. होडी वाईच्या एका मुलाकडे जायची आहे. त्याच्या आईनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "काका, पुस्तकावर नाव कुणाचं आहे?" मी म्हटलं, माझंच, या रविवारी मुलाला घेऊन या, सही तुमच्यासमोर करतो.